तिला सांग

पाच महिने बाबा आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्या पाच महिन्यांत घरात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या पाच वर्षांत झालं नसेल. कारण प्रत्येक वाक्य दोनदा व्हायचं. बाबा म्हणायचे, "तिला सांग, लाकूड चिकटवायचा सरस संपलाय." 'ती' म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. तीन हातांवर बसलेली, कानांनी ठणठणीत. पण आत्या ढिम्म. लेक जेव्हा म्हणायची, "आत्या, बाबा म्हणतात सरस संपलाय," तेव्हा कुठे ती मान वर करायची, परगावाहून निरोप आल्यासारखा चेहरा करायची आणि म्हणायची, "असं का? त्याला सांग, मी काय सरसाचं झाड लावलंय?" मग लेक बाबांकडे वळायची. बाबांनी हे ऐकलेलं असायचंच. तरी ते भुवया उंचावून वाट बघत बसायचे.

त्यात गंमत अशी की ही लेक पेशाने दुभाषी होती. सकाळी दहापासून कोर्टात उभं राहून परभाषी माणसांचं बोलणं न्यायाधीशांना सांगायचं आणि न्यायाधीशांचं त्या माणसांना. आणि दमून घरी आलं की पुन्हा तेच, फक्त एका भाषेतून त्याच भाषेत. जगात असं भाषांतर करणारी आपण एकट्याच असू, आणि हेच सगळ्यात अवघड, असं तिचं ठाम मत झालं होतं.

भांडणाचं कारण म्हणाल तर अख्ख्या देशाचं जे होतं तेच. त्या वर्षी एका कायद्यावर मतदान व्हायचं होतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने एक वर्ष सक्तीने देशाचं काम करायचं. रस्ते, जंगलं, इस्पितळं, सरकार पाठवेल तिथे. हवा म्हणणारे पिवळी फीत टाचायचे, नको म्हणणारे जांभळी. बघता बघता देशाचे दोन तुकडे पडले. न्हावी आधी छातीकडे बघायचा आणि मग डोक्याकडे. पोहण्याच्या तलावात पिवळ्यांच्या आणि जांभळ्यांच्या वेळा वेगळ्या झाल्या, पाणी मात्र कुणी बदललं नाही. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात झाडाची भूमिका करणाऱ्या मुलाला फुलं कुठल्या रंगाची लावायची यावर पालकांची सभा तीन तास चालली आणि शेवटी ते झाड पानगळीतलं दाखवलं. या घरात तर अठरा वर्षांचं कुणी औषधालाही नव्हतं. लेक एकतीस, बाबा सत्तावन्न, आत्या साठ. तरी बाबांनी पिवळी टाचली, आत्याने जांभळी, आणि एका जेवणात दोघं असं काही बोलून गेले की त्यानंतर बोलायला काही उरलंच नाही. तेव्हापासून छत्तीसचा आकडा.

घराच्या तळमजल्यावर त्यांचा खुर्च्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, एका टोकाला बाबांचा ठोकळा, करवती आणि रंधे, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टबात भिजत पडलेला वेत. बाबा लाकडाचा सांगाडा करायचे, आत्या त्यावर वेताची बैठक विणायची. विणण्यासाठी बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी बारीक भोकं पाडावी लागतात, आणि समोरच्या पट्टीतलं मधलं भोक मागच्या पट्टीतल्या मधल्या भोकाच्या बरोबर समोर यावं लागतं. ते मधलं भोक कुठे, हे आत्याच्या नजरेला कळायचं. चाळीस वर्षं ती लाकडावर बोट टेकवून "इथे" म्हणायची आणि बाबा तिथे पाडायचे. भांडणानंतर "इथे" बंद झालं. बाबांनी अंदाजाने पाडली. आत्याला चूक पहिल्या फटक्यात दिसली, पण दुभाषी तेव्हा कोर्टात होती, मग सांगायचं कुणाकरवी? आत्याने ओठ मिटून तशीच विणली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे सहा खुर्च्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दारात. "अहो, तुमच्या खुर्चीवर पेशंट बसला की दोन मिनिटांत शेजारच्याच्या खांद्यावर कलतो," त्या म्हणाल्या. "सहाच्या सहा एकाच बाजूला. काल एका पिवळ्या फितीच्या आजोबांचं डोकं जांभळ्या फितीच्या बाईंच्या मांडीवर गेलं. माझ्याकडे येतात तेच घाबरलेले असतात, त्यात हे."

खुर्च्या परत आल्या. त्या रात्री जेवताना, सॉरी, जेवण झाल्यावर, कारण जेवताना दोघं आता एका वेळी बसतच नव्हते, आत्या लेकीला म्हणाली, "त्याला सांग, मी शनिवारी निघते. नदीपलीकडे माझ्या मैत्रिणीच्या घराची वरची खोली रिकामी आहे. खुर्च्याच विणायला पाहिजेत असं कुठे आहे? टोपल्या विणीन."

"तिला सांग, खुशाल जा म्हणावं," बाबा म्हणाले. "मी फळीच्या बैठकीच्या खुर्च्या करीन. बसतात लोक."

लेक दोघांच्या मधोमध उभी होती. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून वेण्या घालणारी, ताप बघणारी, भूमितीच्या वहीतल्या चुका शोधून देणारी आत्याच. आत्या गेली तर या घरात एक माणूस कमी होणार नव्हता, घरच जाणार होतं. आणि हे वाक्य तिला कुणीच "सांग" म्हणालं नव्हतं, म्हणून ते तिच्या घशातच राहिलं.

आता गुरुवारची गोष्ट. त्या दिवशी सकाळभर तिने कोर्टात एका जहाजावरच्या आचाऱ्यासाठी दुभाषीचं काम केलं. दुभाष्यांचा एक नियम असतो. आचारी म्हणाला, "मी कप्तानाच्या अंगावर पातेलं फेकलं नाही," तर दुभाष्याने "हा म्हणतो की याने फेकलं नाही" असं सांगायचं नसतं. सरळ म्हणायचं, "मी पातेलं फेकलं नाही." बोलणाऱ्याचा 'मी' तोच आपला 'मी'. आपण मधे नाहीच. चार तास ती तो आचारी होती, मधूनच कप्तान होती, आणि अशा अवस्थेत दुपारी घरी येऊन जेवायला बसली. योगायोगाने त्या दिवशी बाबा आणि आत्याही एकाच वेळी पानावर आले होते आणि उठून जाण्यात कमीपणा होता म्हणून बसले होते. बाबांनी भाजी चाखली आणि म्हणाले, "तिला सांग, मीठ इकडे दे म्हणावं."

लेक वळली आणि सवयीने म्हणाली, "ताई, मीठ दे."

आत्याचा हात हवेत थांबला. पाच महिने तिला या घरात कुणी ताई म्हटलं नव्हतं. तिने लेकीकडे पाहिलं, मग भाजीकडे पाहिलं, आणि मिठाची बरणी उचलून बाबांच्या ताटाशी ठेवली. स्वतः. कुणाच्या हातून नाही. बाबांनी मीठ घेतलं आणि ते इतका वेळ कालवत बसले की भाजीचा लगदा झाला.

लेकीने हे पाहिलं. तिने तोंडातला घास गिळला आणि म्हटलं, "उद्या मला अर्धा तास द्या. दोघंही. कोर्टात करते तसं करते, अगदी रीतसर."

आत्या नाही म्हणणार की बाबा, याची ती वाट बघत होती. पण दोघंही लगेच तयार झाले. कारण प्रत्येकाला पाच महिने वाटत होतं की समोरच्याला चार शब्द सुनवायचे राहून गेलेत.

शुक्रवारी सकाळी कारखान्यात दोन स्टुलं समोरासमोर मांडली. दुभाषी मधे, पण एक पाऊल मागे, हातात वही, बाजूला पाण्याचा पेला. कोर्टात जायचा काळा कोटही तिने अंगात घातला होता, म्हणजे घरच्या लेकीला कुणी स्वयंपाकघरात पिटाळणार नाही.

"एकमेकांशी बोलायचं, माझ्याशी नाही," ती म्हणाली. "मी इथे नाहीच. मी जे ऐकेन ते तसंच्या तसं सांगेन. गाळणार नाही, घालणार नाही. बाबा, सुरू करा."

"ताईला सांग..."

"सांग नाही. सरळ."

बाबांनी खाकरून घसा साफ केला. "ही नवी पोरं सकाळी दहाला उठतात. एक वर्ष हातात कुदळ दिली की सरळ होतील."

दुभाषी आत्याकडे वळली. "ताई, ही नवी पोरं सकाळी दहाला उठतात. एक वर्ष हातात कुदळ दिली की सरळ होतील." सूरसुद्धा बाबांचाच, नाकातला.

आत्या तोंडाला पदर लावून हसली असती, पण हसणं म्हणजे हार. ती म्हणाली, "आणि तू कधी उठतोस रे? चाळीस वर्षं तुझ्या उशाशी चहा कोण ठेवतंय, सरकार?"

दुभाषी बाबांकडे वळली. "आणि तू कधी उठतोस रे? चाळीस वर्षं तुझ्या उशाशी चहा कोण ठेवतंय, सरकार?"

बाबा ताडकन उभे राहिले. "बापाला अरेतुरे करतेस?"

"दुभाषी नम्रपणे लक्षात आणून देते," लेक वहीत बघत म्हणाली, "की तिने कुणालाही अरेतुरे केलेलं नाही. ताई तिच्या भावाशी बोलते आहे."

बाबांनी यावर विचार केला. मग बसले. "मग ठीक आहे. चालू दे. ताई, चहाचा विषय मधे आणू नकोस."

पुढे जे झालं त्याला संवाद म्हणणं धाडसाचं ठरेल. बाबा म्हणाले जांभळ्यांच्या डोक्यात भुसा भरलाय. आत्या म्हणाली भरला असेल तर तो याच कारखान्यातला आहे, रोज मीच झाडते. बाबा म्हणाले तुमचा पुढारी बोलतो तेव्हा त्याचे कान हलतात. आत्या म्हणाली तुमच्याचे हलत नाहीत कारण आत काही पोचतच नाही. दुभाषी इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिने स्वतःलाच मूर्ख म्हटलं, मग वळून स्वतःलाच महामूर्ख म्हटलं, मग भसाड्या आवाजात स्वतःला दम दिला आणि पातळ आवाजात त्या दमाची टर उडवली. त्याच वेळी पोस्टमन दारात आला. त्याला दिसलं ते असं: दोन म्हातारी माणसं हाताची घडी घालून बसलीत, आणि मधे काळ्या कोटातली एक तरुण बाई घामाघूम होऊन स्वतःशीच कडाकडा भांडते आहे. त्याने टपाल उंबऱ्यावर ठेवलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

अर्ध्या तासाने तिने वही मिटली. दोघांचेही चेहरे न्हाऊन आल्यासारखे टवटवीत. "आणखी दहा मिनिटं नाही का मिळणार?" बाबा म्हणाले. "माझं कानांवरून एक राहिलंय."

"मिळणार नाही. दुभाष्याचं डोकं अर्ध्या तासापुढे चालत नाही, आजपासून तसा नियम आहे."

पण टवटवी आली म्हणून काही बदललं का? आत्या उठली, वर गेली आणि कपड्यांची गाठोडी बांधायला लागली. खाली ऐकू येत होतं. पालथ्या घड्यावर पाणी. लेक पायरीवर बसून विचार करत राहिली. चूक कुठे झाली? तिला वाटलं, चूक आपली. आपण जसंच्या तसं सांगितलं. काट्यांसकट वाढलं. उद्या काटे काढून वाढू. गोड बोलू, दोघांच्याही तोंडून. पेशात याला एकच शब्द आहे, बेइमानी. अकरा वर्षांत तिने ती एकदाही केली नव्हती. खुनाच्या खटल्यातही नाही. पण त्या खटल्यांत कुणी तिची आत्या घेऊन जात नव्हतं.

शनिवारी आठ वाजता टेम्पो आला. टेम्पोवाला आणि त्याचा मेव्हणा यांनी आत्याचं सागवानी कपाट जिन्यावरून उतरवलं, तीन ठिकाणी भिंतीचा रंग काढला आणि गाडीत चढवलं. लेकीने दोघांच्या हातात चहाचे पेले दिले आणि सांगितलं, "सावकाश प्या. अगदी सावकाश." मग ती आत येऊन म्हणाली, "त्यांचा चहा होईपर्यंत. शेवटचं."

आत्या स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर, निघायच्या तयारीत. तिनेच सुरुवात केली, आणि यावेळी तिच्या आवाजात कालची मजा नव्हती.

"तू गाढव आहेस," ती म्हणाली. "चाळीस वर्षं शेजारी बसून तुला एवढं कळलं नाही की मी नको का म्हणते. फीत टाचली की झालं, डोकं वापरायला नको."

दुभाषी बाबांकडे वळली. तिने म्हटलं, "तुझ्या मताचा मला आदर आहे. फक्त आपण या प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघतो, इतकंच."

टबातल्या पाण्यात वेताचा एक बुडबुडा वर आला तो ऐकू आला.

"हे कोण म्हणालं?" बाबांनी विचारलं.

"ताई."

"ताई मेली तरी असं बोलणार नाही." बाबा चिडले होते, आणि खरंच चिडले होते. "ती मला गाढव म्हणाली. चाळीस वर्षं शेजारी बसून मला कळलं नाही, असं म्हणाली. मुद्दा तोच आहे. तोच तू खाल्लास. तुला कोर्टात पगार देतात तो कशाचा?"

"बरोबर आहे त्याचं," आत्या म्हणाली. "मी गाढव म्हणाले होते. स्पष्ट म्हणाले होते."

"आणि आदरबिदर काही नाही त्यात," बाबा म्हणाले.

"मुळीच नाही," आत्या म्हणाली.

लेकीचं तोंड शरमेने लाल झालं आणि आतून तिला नाचावंसं वाटायला लागलं. पाच महिन्यांत प्रथमच दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते तिच्या नालायकपणावर. तिने कोट सारखा केला. "दुभाषी चूक मान्य करते. पुन्हा सांगते. तू गाढव आहेस. चाळीस वर्षं शेजारी बसून तुला एवढं कळलं नाही की मी नको का म्हणते. फीत टाचली की झालं, डोकं वापरायला नको."

"आता कसं," बाबा म्हणाले. थोडा वेळ त्यांनी हाताच्या बोटांकडे पाहिलं. "नाही कळलं मला. का नको म्हणतेस?"

"नाही कळलं मला," दुभाषीने सांगितलं. "का नको म्हणतेस?"

देशात पाच महिने लाखो माणसं या कायद्यावर बोलत होती. भिंती रंगल्या होत्या, घसे बसले होते. पण हा एवढा प्रश्न कुणी कुणाला विचारला असेल तर तो दुभाषीच्या तरी कानावर आला नव्हता. आत्याने पिशवी मांडीवरून उतरवून खाली ठेवली.

"अण्णांचा हात लुळा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता," ती म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे आणि बाबांचे वडील, तिच्या आधी वेत विणणारे. "मला भूमिती फार छान यायची. मी दप्तर घेऊन खाली आले तर इथे, या टबापाशी, माझ्यासाठी पाट मांडलेला आणि शेजारी वेताची जुडी. कुणी रागावलं नाही. कुणी काही बोललंच नाही. मी दप्तर ठेवलं आणि बसले. घराला गरज होती, ते मला दिसत होतं. कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही. म्हणून कुणी म्हणालं की देशाला गरज आहे, पोरांना विचारायचं काय त्यात, की माझं डोकं फिरतं."

दुभाषी वळली. "अण्णांचा हात लुळा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. मला भूमिती फार छान यायची. मी दप्तर घेऊन खाली आले तर..."

आणि ती अडकली. तिच्या स्वतःच्या भूमितीच्या वह्या तिला आठवल्या. आत्याला हे सगळं कुठून येतं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. ती पाणी प्यायली, तिने पुन्हा तोंड उघडलं, शब्द येईनात. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाबा वाट बघत होते. मग त्यांनी वाट बघणं सोडलं.

"तर टबापाशी माझ्यासाठी पाट मांडलेला," बाबा म्हणाले. ते हळू बोलत होते, आत्याच्या पायांकडे बघत. "कुणी रागावलं नाही. मी दप्तर ठेवलं आणि बसले. कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. मला कुणी विचारलं नाही."

सत्तावन्न वर्षांचा, झुपकेदार मिशांचा माणूस साठ वर्षांच्या बाईचं बोलत होता आणि त्यात कुणालाही हसू आलं नाही. मग बाबा पुढे म्हणाले, "मी बारा वर्षांचा होतो. जिन्यात उभा होतो. मी बघितलं होतं सगळं."

हे शेवटचं आत्या म्हणाली नव्हती. नियमाप्रमाणे पदरचं घालायचं नसतं. दुभाषीने हरकत घेतली नाही.

"आणि तू?" आत्याने विचारलं. "तू का हवा म्हणतोस?"

लेक सवयीने वळली, "आणि तू..." तर दोघांनी एकदम हात वर करून तिला गप्प केलं.

"मला अठरा पूर्ण झाली तेव्हा बेटांवरच्या जमीन मोजणीच्या कामावर घेतलं होतं," बाबा म्हणाले. "एक वर्षासाठी. पत्र आलं होतं. मी..." त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पुढे बोलेनात.

"मी पिशवी भरली होती," आत्या म्हणाली. आता ती त्यांच्या वतीने बोलत होती. "समुद्र बघणार म्हणून नाचत होतो. तर ताई म्हणाली, जाऊ नकोस, सांगाडे कोण करील. मी पिशवी रिकामी केली. निळी पिशवी."

"हिरवी," बाबा म्हणाले.

"निळी. मी माझ्या हाताने कपाटावर ठेवली."

"पिशवी माझी होती, मला माहीत नाही?"

"तुला रंग कधी कळलेत?"

"हिरवी होती ताई." आणि त्याच दमात, त्याच आवाजात बाबा म्हणाले, "सरकारची सक्ती असती ना, तर तुला नको जाऊस म्हणता आलं नसतं. आणि मलाही तुला नाही म्हणावं लागलं नसतं."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्यासमोर उभं राहायला तुला अख्खं सरकार लागणार होतं?"

"एक पुरलं असतं की नाही, शंकाच आहे," बाबा म्हणाले.

आधी आत्याच्या खांद्यांना हिसका बसला. मग तिच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला, मग बाबांच्या, आणि मग दोघं असे हसायला लागले की बाबा स्टुलावरून घसरून भुशात बसले आणि आत्याने डोळे पुसायला जे फडकं घेतलं ते पॉलिशचं निघालं. गालावर तपकिरी पट्टा. ते बघून बाबा पुन्हा सुरू. लेक मधे उभी, आणि हे हसणं कुणाला सांगायचं तेच तिला कळेना.

एकमत झालं म्हणाल, तर छे. "तरी सक्ती नकोच," आत्या श्वास सापडल्यावर म्हणाली. "पोरांना विचारा. हो म्हणाली तर पाठवा."

"ती हो म्हणतील. मग घरातल्या ताया नको म्हणतील."

"मग तायांना सांगा."

"तायांना कुणी सांगायचं? तुला सांगून बघितलंय कुणी?"

आत्या स्टुलावरून खाली वाकली. भुशात बोटाने रेघ ओढत म्हणाली, "मग सक्ती घरच्यांवर करा. जायची सक्ती नको. जाऊ द्यायची सक्ती."

बाबा भुशातून उठून स्टुलावर बसले. "हे मला चालेल," ते म्हणाले.

मतपत्रिकेवर असा काही पर्याय नव्हता. पिवळ्यांनी सुचवला नव्हता, जांभळ्यांनीही नाही. तो देशात फक्त या एका खोलीत होता. म्हणजे दोघांची मतं पुन्हा पिवळी आणि जांभळीच पडणार, हेही दोघांच्या ध्यानात आलं, आणि बाबा लगेच म्हणाले की त्यातल्या त्यात पिवळं जवळचं, आणि आत्या म्हणाली, कसं काय, जरा सांग बघू. आणि ते पुन्हा सुरू झाले. सांग हा शब्द पाच महिन्यांत प्रथमच ज्याच्यासाठी होता त्यालाच म्हटला होता.

टेम्पोवाल्याने दारातून डोकं आत घातलं. "चहा कधीच संपला. निघायचं का?"

"थांब रे, याचं चुकतंय," आत्या म्हणाली.

"काय चुकतंय?" टेम्पोवाला म्हणाला.

"कपाट उतरवा," बाबा म्हणाले.

"त्याला कशाला सांगतोस? कपाट माझं आहे." आत्या उठली, गालावरच्या तपकिरी पट्ट्यासकट टेम्पोपाशी गेली आणि म्हणाली, "उतरवा."

टेम्पोवाल्याने आणि मेव्हण्याने कपाट खाली उतरवून दारात ठेवलं, आणि जिन्याकडे एकदा बघून सांगितलं की वर चढवायचं काही ठरलं नव्हतं. गाडी रिकामीच गेली. मग बाबांनी कपाटाचं वरचं टोक धरलं, आत्याने खालचं. साठीची बाई, पण चाळीस वर्षं वेत ओढून हात लोखंडी झालेले. दोन पायऱ्या चढले आणि बाबा उलटे चालता चालता म्हणाले, "आता इस्पितळांचंच घे." आत्या खालून म्हणाली, "घेते. तू आधी पाय बघून टाक." जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं, दोघंही थांबले, पण इस्पितळं थांबली नाहीत. भिंतीचा चौथ्या ठिकाणी रंग निघाला.

लेकीला राहवेना. ती धावत वर गेली, कठड्यावरून अंग चोरून कपाटाच्या मधोमध शिरली आणि दोन्ही हातांनी ते उचलून धरायला लागली. कपाटाच्या एका टोकाकडून बाबा दिसत होते, दुसऱ्या टोकाकडून आत्या. दोघांचीही तोंडं चालू होती आणि तिला कुणी मोजतच नव्हतं.

"अगं, तू मधे काय करतेस?" बाबा म्हणाले. "आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नाहीये. बाजूला हो."

"हो बाळा, हो बाजूला," आत्या म्हणाली. "आमचं आम्ही नेतो."

ती बाजूला झाली. खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसली आणि कोट काढून मांडीवर ठेवला. वरून कपाटाची धडधड येत होती, मधेच "इस्पितळं," मधेच "अगं हळू," मधेच "तुझंच चुकतंय." कुणाचंच कुणाला सांगायचं नव्हतं. तिच्या तोंडात त्या क्षणी कुणाचंही वाक्य नव्हतं, फक्त तिचं स्वतःचं, इतके दिवस घशात अडकलेलं. "आत्या, जाऊ नकोस," ती म्हणाली, अगदी हळू.

"काय म्हणतेस गं?" आत्याने वरून विचारलं.

"ती म्हणते, जाऊ नकोस," बाबा म्हणाले.

"मग तिला सांग," आत्या म्हणाली, "मी कुठेही जात नाहीये."

बाबा कपाटावरून वाकले आणि त्यांनी तिला तसंच्या तसं सांगितलं.